न आलेला आकडा

"नाही गं, आगाराच्या थांब्यावर नाही उतरत मी. अलीकडेच उतरतो आणि मागच्या गल्लीनं चालत येतो. पोचलो की कळवतो. कळवल्याशिवाय राहीन का मी?"

मागच्या सीटवरचा माणूस फोनवर कुणाशी तरी एवढंच बोलला, आणि तिच्या हातातलं तिकीट गळून खाली पडलं. वाकून उचलायचं तर नकळत मान मागे वळली असती, म्हणून तिनं ते तसंच पायाशी पडू दिलं. रविवारची दुपार होती. बस अर्धी रिकामी होती, ड्रायव्हर निवांत चालवत होता, पुढे एक बाई मांडीवरच्या पिशवीवर डोकं टेकून झोपली होती. हा माणूस तिनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र तिनं हजारांत ओळखला असता. किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी उगाच हसणारा. महामारीच्या दिवसांत दर बुधवारी तो तिच्या कानाशी असायचा आणि फोन ठेवताना न चुकता हेच म्हणायचा, कळवल्याशिवाय राहीन का मी. दादा गाडी चालवतो त्या आगाराचा टाइमकीपर, गाड्यांच्या वेळा नि हजेरी लिहिणारा. म्हणजे जिवंत आहे, असं तिच्या मनात आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, कारण तो जिवंत आहे हे तिला ठाऊकच होतं. फक्त तो कुठेतरी राहतो, जेवतो, भाजी आणतो, बसमध्ये बसतो, ही गोष्ट तिनं आजवर मोठ्या शिताफीनं मनात येऊ दिली नव्हती.

"ताई, खिडकी जरा लावता का? वारा सोसत नाही हल्ली," मागून आवाज आला. आता हे तिला उद्देशून होतं. "हो" एवढंच म्हणायचं होतं, त्यात काय मोठंसं! पण तोंड उघडणार तोच तिच्या लक्षात आलं की आपण त्याला जसं आवाजानं ओळखलं तसंच तोही आपल्याला ओळखील. त्यानंही तिला कधी पाहिलेलं नाही. त्याच्या दृष्टीनं ती म्हणजे नुसता एक आवाजच. तिनं ओठ घट्ट मिटले, दोन्ही हातांनी काच ओढून लावली आणि मुकी असल्यासारखी समोर बघत राहिली. "उपकार झाले," तो म्हणाला आणि थोडा खोकला. तो खोकला जुना होता, मुरलेला, छातीत घर करून राहिलेला. बंद काचेत तिला तिचाच चेहरा दिसायला लागला, आणि तिला वाटलं, उघडी होती तेच बरं होतं.

ती सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात होती. घरात तिला सगळे 'शहाणी' म्हणत. हे नाव दादानं ठेवलेलं, आणि त्यात थट्टा किती आणि अभिमान किती हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाबा गेल्यावर दादानं कॉलेज सोडून बसचं स्टिअरिंग धरलं आणि तिला शिकवलं. पुढे वहिनी आली. दादा-वहिनीला मूल झालं नाही, लोक विचारायचे तेव्हा वहिनी तिच्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आहे की हे एवढं मोठं, अजून कुठे दुसरं सांभाळू?" दादाला काही अडलं की तो तिला विचारायचा. विम्याचा कागद, डॉक्टरचं अक्षर, पृथ्वीपासून चंद्र किती लांब आहे, काहीही. ती लहान असताना तो अभ्यास घेण्याच्या मिषानं विचारायचा, नंतर खरंच माहीत नसायचं म्हणून विचारायचा, आणि तिला उत्तर यायचंच. नाही आलं तरी ती काहीतरी द्यायची, कारण उत्तर मिळाल्यावर दादाचा चेहरा जो खुलायचा तो बघायची तिला चटक लागली होती. शहाणी असणं ही एक नोकरीच होती, खरी नोकरी लागायच्या आधीपासूनची.

महामारी आली तशी कार्यालयावर एक नवं काम येऊन पडलं. देशातल्या झाडून सगळ्या बससेवांकडून दर आठवड्याला माहिती मागवायची: गाड्या किती धावल्या, माणसं किती बसली, आणि आजारपणामुळे कामावर येऊ न शकलेले कर्मचारी किती. बुधवारपर्यंत आकडे गोळा करायचे आणि गुरुवारी सकाळी वरच्या बैठकीत तक्ता ठेवायचा. त्या तक्त्यावरून ठरायचं की कुठल्या आगाराच्या फेऱ्या कमी करायच्या, कुठे मास्क-सॅनिटायझर आधी पाठवायचं, कुठे काही दिवस सगळंच बंद ठेवायचं. काम मोलाचं होतं आणि तिला ते मनापासून आवडलं होतं, हे आता कबूल करताना तिला कसंनुसं व्हायचं. बाहेर रस्ते ओस पडलेले, तिच्या खिडकीखालून रिकाम्या बसगाड्या आत दिवे लावून जायच्या, आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून फोनवर फोन करत असायची. आपण काहीतरी करतोय असं तिला वाटायचं. लोक घरात बसून भांडी घासत होते आणि ती देश मोजत होती.

मोठ्या संस्था आपले आकडे आपण पाठवायच्या. छोट्या आगारांना मात्र फोन करावा लागे. दादाच्या आगाराचा टाइमकीपर पहिल्याच फोनला म्हणाला होता, "ताई, तुमचे रकाने भरायला मला एक अख्खा माणूस लागतो. तो माणूस कामावर नाही असं धरू का?" ती खळखळून हसली होती. त्या दिवसांत हसणं असं वरचेवर मिळत नव्हतं. मग दर बुधवारी ती त्याचा फोन मुद्दाम शेवटी ठेवायची, दिवसाचा गोड घास म्हणून. तो गाड्यांचे आकडे सांगता सांगता आगाराच्या गेटवरच्या मांजरीची खबर द्यायचा, "मांजरीला धरून हजेरी पूर्ण आहे," म्हणायचा. तिचा भाऊ त्याच आगारात गाडी चालवतो हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं असंही नाही. कामात नाती आणू नयेत एवढंच तिच्या डोक्यात होतं. आता मात्र तिला वाटायचं, सांगितलं असतं तर कदाचित त्यानं आजारी पडल्यावर कुणाच्या तरी हाती निरोप धाडला असता, ताईंना कळवा, त्यांचा भाऊ आहे इथे. माणूस माणसाला कळवतो, कार्यालयाला कोण कशाला कळवतं.

बस सिग्नलला थांबली. मागे पिशवी चुरचुरली, त्यानं काहीतरी गोळी काढून तोंडात टाकली असावी. औषधी, थंड असा वास पुढे आला. सॅनिटायझरचा नव्हता तो, तरी तिला त्याचीच आठवण झाली. त्या वेळी हाताला, कळफलकाला, भाजीलासुद्धा तोच वास. साहेबांची सक्त ताकीद होती, तक्त्यात रिकामा चौकोन दिसता कामा नये. रिकामं दिसलं की वर प्रश्न येतात आणि प्रश्न आले की साहेबांच्या तोंडचं पाणी पळतं. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांचं काय करायचं, यावर फोनवरच बैठक झाली, आणि तोडगा तिनं सुचवला. आकडा आला नाही तर त्या संस्थेचा मागच्या आठवड्याचा आकडा पुढे ओढायचा. एरवी यात काही वावगं नव्हतं. बससेवा म्हणजे सवयीचा कारभार, या आठवड्यात जेवढ्या गाड्या तेवढ्याच पुढच्या आठवड्यात, दोन-चार इकडेतिकडे. कितीतरी वर्षं सगळी कार्यालयं हेच करत आली होती. ओढलेल्या चौकोनाला ती तिच्या कॉम्प्युटरवर फिकट पिवळा रंग द्यायची, म्हणजे आपलं आपल्याला कळावं. वर जाणारा तक्ता काळा-पांढराच असे. साहेब खूश झाले. "शहाण्या आहात," म्हणाले, आणि तिला घरचं नाव कार्यालयात ऐकून गुदगुल्या झाल्या होत्या. बस जशी काल धावली तशी आज धावते, पण ताप तसा धावत नाही, एवढी साधी गोष्ट त्या फोनवरच्या एकाही शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही, आणि आली असेल तर तो बोलला नाही.

मग एका बुधवारी टाइमकीपरनं फोन उचलला नाही. घंटा वाजत राहिली. गडबडीत असेल बिचारा, असं म्हणून तिनं मागचा आकडा पुढे ओढला. मागचा आकडा शून्य होता: आजारी कोणी नाही, मांजरीला धरून हजेरी पूर्ण. पुढच्या बुधवारीही घंटाच. तिनं पुन्हा ओढला. शून्याला ओढायला काही वजन लागत नाही. त्या वेळी तक्त्यात पिवळं इतकं माजलं होतं की तिच्या डोळ्यांना ते दिसेनासं झालं होतं, उन्हाळ्यात ऊन दिसत नाही तसं. पण हे ती स्वतःला सांगायची तेव्हा तिच्याच आत कुणीतरी हळूच म्हणायचं, दिसत होतं, बाई, दिसत होतं.

कारण त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय गं शहाणे, मोजलेस का सगळे?" असं नेहमीसारखं सुरू करून तो जरा घुटमळला. "तुझी वहिनी पिच्छा सोडत नाही. रजा टाक म्हणते. रजा आहे माझी शिल्लक, तसं नाही, पण अशा वेळी सगळेच घरी बसले तर गाड्या कोण काढणार? हॉस्पिटलच्या नर्सा आमच्याच गाडीनं जातात. आमच्या आगाराचं कसं काय आहे ते बघ ना जरा. आम्हाला काही कळत नाही, एक दिवसाआड ड्यूटी, गाडी रस्त्यावरच हातात मिळते, कोण आजारी आणि कोणाची सुट्टी, समजायला मार्ग नाही." आणि मागून वहिनीचा आवाज, फोनपासून लांबून, भांड्यांच्या आवाजातून: "वन्सं, खरं खरं सांगा हो!" ती "थांब हं" म्हणाली. तक्ता समोर उघडाच होता. तिनं बोट ठेवून ओळ शोधली. शून्य, आणि भोवती फिकट पिवळं. इथे एक क्षण होता. त्या क्षणात ती पुढे कितीदा परत गेली याला गणती नाही. जिभेनं दुखरी दाढ चाचपावी तशी ती तिथे जायची. त्या क्षणात तिला ठाऊक होतं का? आकडा आलेला नाही, हे तिला ठाऊक होतं. मग म्हणायचं काय? आकडा आला नाही, दादा. मला माहीत नाही. ही दोन वाक्यं तिच्या तोंडात बसतच नव्हती. दादानं विचारावं आणि शहाणीला येऊ नये, असं कधी झालंच नव्हतं. शिवाय सरकारी बैठकीच्या आधी, घरच्या माणसाला, हळूच, खास म्हणून द्यायला तिच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी होतं. "शून्य," ती म्हणाली. "एकही नाही, दादा. आकडा माझ्यासमोर आहे." आणि तिकडे दादा वहिनीला मोठ्यानं, विजयी आवाजात म्हणाला, "ऐकलंस? सरकारी आकडा आहे! बस आता गप." वहिनीचं हसणं ऐकू आलं. तिचा जीव भांड्यात पडला होता.

त्या वेळी आगारातली बरीचशी माणसं तापानं फणफणली होती आणि टाइमकीपर नळ्या लावून हॉस्पिटलमध्ये पडला होता. वरच्या बैठकीनं मात्र त्या आगाराच्या फेऱ्या पूर्ण ठेवल्या, कारण तक्त्यात सगळं आलबेल होतं. दादा ड्यूटीवर गेला. दादाला ताप आला, तो मागच्या खोलीत एकटा राहिला, वहिनी दाराशी ताट ठेवायची आणि दाराला पाठ लावून बाहेर बसून त्याच्याशी गप्पा मारायची. दादा उठला. वहिनी पडली ती उठली नाही. इतकं साधं ते घडलं. रडायलासुद्धा कुणाला जवळ जाता आलं नाही, लांबूनच सगळं झालं. वहिनीचा शेवटचा निरोप नर्सनं फोनवर सांगितला होता, "यांना म्हणावं डबा वेळेवर खा." तो निरोप ऐकल्यापासून तिला स्वतःच्या डब्यातला घास गोड लागला नाही, आणि ही गोष्ट कुणाला सांगायची तिला सोय नव्हती, कारण त्यावर लोक म्हणाले असते, किती जीव गं तुझा वहिनीवर.

बस वळली. आगाराच्या अलीकडचा थांबा आला तसा मागचा माणूस उठला. दांड्याला धरत धरत तो तिच्या शेजारून गेला, आणि जाताना थांबून खाली वाकला. तिचं तिकीट उचलून त्यानं तिच्यापुढे धरलं. "पडलं होतं हो. चेकर आला तर पंचाईत," आणि वाक्याच्या शेवटी उगाच हसला. आवाजापेक्षा माणूस फार लहान होता. जाड काचांचा चष्मा, उन्हाळ्याचे दिवस असून गळ्याशी गुंडाळलेला रुमाल, हातात भाजीची पिशवी. तिनं तिकीट घेतलं आणि नुसती मान हलवली. तिला "थँक यू" म्हणता आलं नाही. खाली उतरून तो रस्ता ओलांडून मागच्या गल्लीत शिरला. आगारासमोरून जाणारा मोठा रस्ता सरळ होता, सावलीचा होता. मागची गल्ली म्हणजे मोठा वळसा, आणि त्याला दम लागत होता हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. बस सुटली तरी ती मान वळवून तिकडे बघत राहिली.

तो आगार का टाळतो हे तिला दादाकडूनच कळलेलं होतं. सगळं निवळल्यावर कुणीतरी सरकारी अहवालात छापून आलेले जुने तक्ते आगाराच्या फळ्यावर चिकटवले, आणि लोकांनी वाचलं: आपण तापानं तडफडत होतो त्या आठवड्यात आपल्या आगारापुढे शून्य. टाइमकीपर हॉस्पिटलमधून येऊन कामावर रुजू झाला त्या दिवशी दादानं त्याला खिडकीतून बाहेर बोलावलं, सगळ्यांसमोर तक्त्याजवळ उभं केलं आणि विचारलं, "हे तू कळवलंस?" तो माणूस तक्त्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला म्हणे. मग म्हणाला, "मला आठवत नाही. तापात होतो. पण आपल्या आगाराचे आकडे मीच कळवतो. मीच कळवलं असणार." दादानं हे तिला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात समाधान होतं. निदान खापर फोडायला एक डोकं मिळालं होतं. त्यानंतर आगारात त्याच्याशी कुणी बोलेना. त्याच्या खिडकीशी माणसं आपापली ड्यूटी घेत आणि तोंड फिरवत. शेवटी त्यानं नोकरी सोडली.

पण सोडण्याआधी त्यानं तिला फोन केला होता, आणि ही गोष्ट दादाला माहीत नव्हती, कुणालाच नव्हती. दुपारची वेळ होती, कार्यालय पुन्हा भरलं होतं, शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी बढतीचे पेढे वाटणं चाललं होतं. "ताई, ओळखलंत का? एक विचारायचं होतं," तो म्हणाला. या वेळी वाक्याच्या शेवटी हसला नाही. "त्या आठवड्यात मी तुम्हाला शून्य कळवलं होतं का हो? मला काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या हातून झालं असेल तर झालं, पण एकदा कळलं म्हणजे..." आणि ती म्हणाली, "नोंद तशीच आहे." खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. नोंद तशीच होती. सरकारी नोकरीत माणूस असं बोलायला शिकतो आणि मग त्याला ते बोलणं फार उपयोगी पडतं. "बरं," तो म्हणाला. "असेल. मीच केलं असेल." मग तिच्या पुढ्यात पेढ्याचा बॉक्स आला आणि तिनं त्यातला एक उचलला. दादाला फोनवर शून्य सांगितलं त्यात निदान माया तरी होती, अर्धवट का होईना. या वाक्यात काहीच नव्हतं. हे वाक्य तिनं पूर्ण शुद्धीत, भर दुपारी, स्वतःला वाचवायला उच्चारलं होतं.

आगाराच्या थांब्यावर उतरून ती दादाच्या घरी गेली. दर रविवारी जायची. दादा नुकताच ड्यूटीवरून आला होता आणि अंगणातल्या नळावर हात धूत होता. गणवेश आतासुद्धा तो घरात आणत नसे, बाहेरच्या खिळ्याला टांगायचा, आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. साथ केव्हाच सरली होती. सुरुवातीला तिनं एकदोनदा टोकलं, तर म्हणाला होता, "मीच आणलं ना गं घरात. याच हातांनी." त्यानंतर तिनं कानाला खडा लावला. आज ती पायरीवर बसून बघत राहिली. साबण, फेस, पाणी, पुन्हा साबण. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. नळाचं पाणी वाहत होतं आणि तिला वाटलं, आपण रोज या माणसाच्या हातावर साबण ठेवतोय.

"काय गं शहाणे, आज तोंड का उतरलंय? साहेब बोलले का?"

"बसमध्ये तुमचा टाइमकीपर होता."

दादाचे हात थांबले. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही."

"अलीकडेच उतरला तो. मागच्या गल्लीनं गेला. चालताना दम लागतो त्याला."

"लागू दे. आमच्यासमोरून जायला तोंड आहे का त्याला?" त्यानं पुन्हा साबण उचलला. "तिलाही लागत होता दम. ती कुठल्या गल्लीनं गेली?"

ती काहीच बोलली नसती तर हा रविवारही आधीच्या रविवारांसारखा गेला असता. चहा झाला असता, तिनं कपाटातले वहिनीचे कपडे उन्हात घालून परत घडी करून ठेवले असते, दादानं तिला बसपर्यंत सोडलं असतं. तिचं अर्धं मन तिकडेच ओढत होतं. पण ते तिकीट अजून तिच्या मुठीत होतं, घामानं लिबलिबीत झालेलं, आणि मूठ उघडत नव्हती.

"दादा, त्या आठवड्यात तो हॉस्पिटलमध्ये होता."

"माहीत आहे. जायच्या आधी कळवून गेला असेल. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय त्यानं, मी काही बळजबरी केली नाही."

"त्यानं काही कळवलं नव्हतं. त्याच्या आधीच्या आठवड्यातही नाही. मी फोन करत होते, नुसती घंटा वाजत होती."

दादानं नळ बंद केला. "मग शून्य कुठून आलं?" गाडीत कुठूनसा आवाज येतोय तो कुठून, असं विचारावं तसं त्यानं विचारलं. त्यात राग नव्हता, नुसता शोध होता, आणि तेच तिला सोसेना.

"आकडा आला नाही की मागचा पुढे ओढतात. रिकामं ठेवत नाहीत."

"कोण ओढतं?"

"मी."

दादा ओल्या हातांनी तसाच उभा राहिला. पाणी कोपरावरून ठिबकत होतं. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. "मी फोन केला तेव्हा," तो सावकाश म्हणाला, "तुला ठाऊक होतं? तो आकडा त्याचा नाही हे?"

"होतं."

"मग का सांगितलंस मला?"

"तू विचारलंस म्हणून," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणीसारखा झाला. "तू विचारावंस आणि मला येऊ नये, असं कधी झालं नव्हतं रे."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली पायरीवर बसला, तिच्यापासून जरा लांब, आणि आपले हात उलटसुलट करून बघत राहिला. दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "एवढी वर्षं," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "त्यानं मला विचारलं होतं. तक्त्याजवळ. 'मी असं कसं केलं असेल हो?' असं मलाच विचारत होता. मी सगळ्यांसमोर त्याच्या अंगावर थुंकलो, शहाणे." हे त्यानं तिला आधी सांगितलं नव्हतं.

ती रडायला लागली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही आणि गप्पही केलं नाही. लहानपणी ती रडायला लागली की तो तिला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा. आता तो उठला, खिळ्यावरचा शर्ट काढून ओल्या अंगावर तसाच चढवला आणि चपला पायात सरकवल्या.

"तुझं मी नंतर बघतो," तो म्हणाला. "किती नंतर ते आत्ता मला सांगता येणार नाही. आधी त्याच्याकडे जायचंय. चल."

"मी येऊ?"

"मग? मी काय सांगणार त्याला? त्याला आवाज तुझा ओळखीचा आहे."

ती उठली. अंगणाच्या फाटकाशी दादा थबकला. कडीवर हात ठेवून तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. रस्त्याच्या त्या टोकाला मागच्या गल्लीचा कोपरा दिसत होता. त्याचं आता वय दिसत होतं. आणि मग, सवयीनंच असेल, दुसरं कुणी विचारायला नव्हतं म्हणूनही असेल, त्यानं तिला विचारलं.

"दार उघडेल का गं तो?"

उघडेल की, चांगला माणूस आहे तो, हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आयते येऊन बसले. दादाचा चेहरा थोडा तरी सैल झाला असता. तिनं ते गिळले.

"माहीत नाही, दादा."

दादानं वळून तिच्याकडे पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच.

"तेव्हा एवढंच म्हणायचं होतंस," तो म्हणाला, आणि कडी काढून रस्त्याला लागला.